वैनींचं कुलूप

चहा पिऊन प्रियदर्शनी ऑफिसच्या खोलीत परत आली, तेव्हा लालासाहेब तिच्या खुर्चीमागं उभे राहून कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं मोठ्यानं वाचत होते. "आज उगीचच सातारला जावंसं वाटतंय. कारण काही नाही." लालासाहेब कारखान्याचे फोरमन. कागदावरचं असो की पडद्यावरचं, ते शाळेत इन्स्पेक्टरसमोर उभं केलेल्या पोरासारखं वाचायचे, खणखणीत आणि प्रत्येक शब्द सुटा. दारात लेथवरचे दोघं चिंधीला हात पुसत ऐकत होते. लालासाहेब वळले, त्यांनी तिला पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "आवं वैनी, मग जाऊन या की! त्यात एवढं टायपायचं काय?" सगळे हसले. तीही हसली. हसता हसता तिच्या लक्षात आलं की आपले कान तापलेत. सातारा तिचं माहेर, खरं तर लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. मराठी अक्षरांचा नवा फाँट आला होता, तो नीट उमटतो का ते बघायला तिनं मनात आलं ते टाईप केलं होतं. मनात काय येतं ते बघायला सवड कुठं असते एरवी? कारखान्याची पत्रं, कोटेशनं, नोझलच्या मापांचे तक्ते. बोटं रिकामी सापडली आणि त्यांनी सातारा लिहून टाकलं, इतकंच. पण लालासाहेबांच्या तोंडून ते वाक्य ऐकताना तिला वाटलं, आपण नुसत्या परकरावर दारात उभ्या आहोत आणि सगळे फारच प्रेमानं बघताहेत.

प्रेम हीच त्यातली अडचण होती. कुपवाडच्या कारखान्यातून ती बातमी तिच्या आधी सांगलीच्या घरी पोचली. संध्याकाळी ती चप्पल काढतेय तोवर स्वयंपाकघरातून बेसन भाजल्याचा वास. सासूबाई कढईपाशी घाम पुसत बसलेल्या. त्यांना ती लग्न झाल्यापासून आत्याबाई म्हणत आली होती, त्यांच्या गावाकडची रीतच तशी. "लाडू करते गं तुझ्या अण्णास्नी. रिकाम्या हातानं कशी जाशील?" मागून तिचा नवरा जयराज कारखान्यातून आला तो एस.टी.च्या वेळा विचारूनच. "सकाळची गाडी बरी पडेल. पण एवढं मनात होतं तर मला बोलायचंस की." अबोली, तिची सहावीतली मुलगी, दप्तर टाकून म्हणाली, "आई, तू रडत होतीस का ऑफिसात?" प्रियदर्शनीनं तिघांकडे पाहिलं. तिला सातारला जायचं नव्हतं. तिला सातारला जावंसं वाटत होतं, एवढंच. या दोन गोष्टींत केवढं अंतर आहे हे बेसनाच्या वासात उभं राहून कुणाला कसं समजावणार? समजावायला गेली असती तर आत्याबाईंनी लाडवात वेलदोडे जास्त घातले असते. ती म्हणाली, "बघू, पुढच्या महिन्यात." आणि हात धुवून लाडू वळायला बसली.

त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ती आपल्या मालकीच्या बंद वस्तू आठवू लागली. एकही आठवेना. साताऱ्यात शनिवार पेठेतल्या दोन खोल्यांत एक लोखंडी ट्रंक होती, तिचं कुलूप हरवलेलं, कडीत आईनं खिळा अडकवलेला. शाळेची पेटी भावाशी वाटून घेतलेली. इथं सांगलीत तिचं कपाट होतं, पण त्याच्या वरच्या खणात जयराजची बिलं, खालच्यात अबोलीचे स्वेटर आणि मधल्यात तिच्या साड्यांशेजारी आत्याबाईंची रेशमी लुगडी. किल्ली देवघराच्या खिळ्याला. ती हरवायला नको म्हणून तिथं असायची आणि ती तिथं असते हे गल्लीला ठाऊक होतं. न्हाणीघराला कडी होती, पण कडी लावली की हटकून बाहेरून कुणी तरी हाक मारायचं आणि आतून साबणाच्या तोंडानं उत्तर द्यावं लागायचं. यात कुणी तिच्यावर पहारा ठेवत होतं असं नव्हे. घर असंच होतं, भरलेलं, मोकळं, सगळ्यांचं सगळं. तिला ते आवडायचंही. भरल्या घरात राहायला मिळतंय याचा तिला आनंदच होता, आणि तरी त्या रात्री तिला एवढासा, करंगळीएवढा, बंद करता येणारा एक कोपरा हवासा वाटला. तिला हसू आलं. उशीत तोंड खुपसून ती हसली. जयराजनं झोपेतच विचारलं, "काय झालं?" घ्या. हसणंसुद्धा.

मग प्रिंटर बिघडला आणि विश्रामबागेतल्या दुकानातून निमिष आला. निमिष हा पंचविशीतला चष्मेवाला इंजिनिअर, स्कूटरवरून यायचा आणि कॉम्प्युटरशी बोलताना 'अरे बाबा' म्हणायचा. प्रिंटरच्या पोटातून त्यानं कागदाचा बोळा काढला आणि हात झटकत म्हणाला, "मॅडम, तुम्ही उठून जाता तेव्हा पडदा तसाच उघडा असतो. हे एक करून देतो, बघा." त्यानं दोनचार ठिकाणी बाण नेला, टिचकी मारली आणि सांगितलं, हात लावू नका, नुसतं बघत राहा. थोड्या वेळानं तिचं पत्र नाहीसं झालं. काळ्याभोर पडद्याच्या मधोमध एक पांढरा ठिपका उगवला, मोठा होत होत अंगावर आला आणि कडेनं निसटला. त्याच्यामागून दुसरा. मग चहूकडून तारेच तारे. निमिष म्हणाला, "स्क्रीन सेव्हर. आणि याला पासवर्ड घालता येतो. माऊस हलवला की हा शब्द विचारणार. शब्द ठाऊक असेल त्यालाच पुढचं दिसणार." "आणि नसेल त्याला?" "त्यानं तारे बघावेत." तिच्या छातीत काही तरी टुणकन उडालं. निमिषनं चौकट उघडून दिली, आणि शहाण्या घरातला मुलगा तो, भिंतीकडं तोंड करून कॅलेंडर वाचत उभा राहिला. "टाका मॅडम. कुणाला ठाऊक नसेल असा टाका. मला पण सांगू नका."

कुणाला ठाऊक नसेल असा. तिची बोटं अक्षरांवर अधांतरी राहिली. अबोली? जयराज? गणपती? साऱ्या कुपवाडनं पहिल्या झटक्यात ओळखलं असतं. आवडती भाजी? ती घरात सगळ्यांना माहीत होती, कारण तिच्या वाढदिवसाला तीच व्हायची. आवडता रंग? साडीवाल्यालासुद्धा ठाऊक. चाळिशीला टेकलेल्या बाईबद्दल कुणाला ठाऊक नाही अशी एक गोष्ट असू नये? निमिष कॅलेंडरवरच्या एकादश्या वाचून संपवत आला होता. आणि तिच्या डोळ्यांसमोर अजून ते तारे येत होते, जवळ येत होते आणि कडेनं निसटत होते. तारे म्हटले की तिचे वडील, अण्णा. साताऱ्याच्या शाळेत भूगोल शिकवणारे अण्णा, चार भिंती नावाच्या टेकडीवर पोरांना जमवून आभाळाकडं काठी रोखून उभे राहणारे. "ते बघा, सापाच्या फण्यासारखं दिसतंय ना, त्या अश्लेषा." आणि मग पोरांतून तिला शोधून म्हणायचे, "ही आमची." जन्मली त्या दिवशी काही ते नक्षत्र नव्हतं. अण्णांनी हट्टानं ठेवलं होतं नाव. अश्लेषा नक्षत्रावर जन्मलेली मुलगी सासूच्या जिवावर उठते, असं आळीतल्या बायका कुणाच्या तरी लेकीबद्दल कुजबुजल्या, ते यांनी ऐकलं. "आभाळातल्या नक्षत्राला काय ठाऊक पृथ्वीवर सासू कोण?" म्हणाले आणि पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून मोकळे झाले, अश्लेषा. घरात अर्थात ती 'बेबी'च राहिली. नाव होतं ते शाळेत, हजेरीच्या वेळी, "हजर" म्हणायला.

आणि आता कुणाच्या ध्यानात नसलेलं असं तेवढंच ते होतं. आत्याबाई तिला बघायला साताऱ्याला आल्या, तेव्हा त्यांनी नाव विचारलं, तिनं सांगितलं, आणि त्यांच्या हातातला पेला खाली टेकला. मोठ्यांची आत बोलणी झाली. बाहेर येऊन आत्याबाई म्हणाल्या, "पोरगी लय आवडली. नाव तेवढं आमी बदलून घेतो. पत्रिका छापायच्या आधीच." अण्णांचा चेहरा लालबुंद झाला. ते आता आभाळ, पृथ्वी आणि सासू यांच्यावर बोलणार, एवढ्यात ती स्वतःच म्हणाली होती, "चालेल." कारण समोर बसलेला जयराज पोहे इतके मन लावून खात होता, की त्या माणसाबरोबर राहायला बरं वाटेल असं तिला वाटलं. नावाचं काय एवढं? लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि जयराजनं अंगठीनं प्रियदर्शनी असं लिहिलं. नाव लांबलचक, ताट पुरेना, शेवटचं अक्षर काठावर चढलं आणि करवल्या खिदळल्या. तीही खिदळली. त्यानंतर अश्लेषा म्हणून तिला कुणी हाक मारली नाही. अण्णांनीसुद्धा नाही, कारण ते बेबीच म्हणत आले होते. जयराजला ते पोहे अजून आठवत, त्यात शेंगदाणे भरपूर होते हेही आठवे. नाव? त्याला विचारलं असतं तर तो डोकं खाजवत बसला असता. तिची बोटं खाली उतरली. अक्षर दाबलं की चौकटीत नुसती एक फुली उमटत होती. फुलीमागून फुली. हजर, असं ती मनात म्हणाली. "झालं," ती निमिषला म्हणाली. आपला आवाज जरा चोरटा आला असं तिला वाटलं.

पुढचे कितीतरी दिवस मजेत गेले. चहाला जाताना तिला आता मागं वळून बघावं लागत नसे. परत आली की काळ्या पडद्यावर तारे पळत असत, ती बसायची, माऊसला धक्का द्यायची, ते विचारायचं, ही सांगायची, आणि दार उघडायचं. दिवसातून कितीदा तरी तिला तिचं नाव कुणी तरी विचारत होतं. कधी कधी तर ती काम नसताना उगाच उठायची आणि दारापर्यंत जाऊन यायची. कारखान्यात बातमी पसरली, वैनींनी कुलूप घातलं. "आमच्यामुळं घातलं व्हय?" लालासाहेबांनी विचारलं आणि ते खरोखरच ओशाळले, म्हणून तिनं त्यांना मुद्दाम तारे दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "लय लांब जातंय की हे, वैनी." जयराजला मात्र जरा लागलं. जेवताना तो आमटीत भाकरी कुस्करत म्हणाला, "मला पण नाही सांगायचं?" "नाही." "अबोलीचं नाव असणार." "नाही." "माझं?" ती इतकी हसली की त्याला आणखीच लागलं. "अगं, पण वेळ पडली तर?" वेळ पडली तर सांगेन, असं ती म्हणाली. पण मनातून तिला ठाऊक होतं की नाही सांगणार. सांगितलं की तो हसेल, गोड हसेल, 'अगं हो, हे होतं नाही का तुझं नाव!' म्हणेल, रात्रीपर्यंत घरात सगळे तिला गंमतीनं त्या नावानं हाका मारतील, आणि मग तेही देवघराच्या खिळ्याला. आत्याबाई पलीकडं ताक घुसळत होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. रवी तेवढी क्षणभर थांबल्यासारखी वाटली.

ऑक्टोबरची छाटणी आली. द्राक्षबागा बोडक्या झाल्या की तासगाव, मिरज भागातले बागायतदार फवारणीच्या तयारीला लागतात, आणि जयराजच्या कारखान्यानं यंदा नुसती नोझल न करता अख्खा फवारणी पंप केला होता. पहिला. त्यानं त्यासाठी दोन वर्षं घातली होती. पहिले पंप दसऱ्याच्या मुहूर्तावर गिऱ्हाइकांच्या हाती द्यायचे, आणि प्रत्येकाबरोबर तिनं लिहिलेली माहिती पुस्तिका. नोझल कसं धुवायचं, औषध किती पातळ करायचं, वाऱ्याच्या कोणत्या अंगाला उभं राहायचं. "हे वाचल्याशिवाय कुणी हँडल मारलं तर पहिल्या दिवशीच वाट लागेल पंपाची," जयराज म्हणायचा, "आणि नाव आपलं जाईल." खंडेनवमीला दुपारपर्यंत ती शेवटची पानं टाईप करत होती. छापायची बाकी होती, साठवायचीही बाकी होती, संध्याकाळी सगळं एकदम करू म्हणून. पण भटजींना पुढं चार कारखाने होते, ते लवकरच आले. "वैनी, हात काढा! मुहूर्त चाललाय!" लालासाहेब धावत आले. लेथ, ड्रिल, ग्राईंडर सगळ्यांना झेंडूच्या माळा चढल्या होत्या. त्यांनी एक मॉनिटरच्या डोक्यावर चढवली. "बंद करू का आधी?" तिनं विचारलं. "आवं, झोपलेल्या मशीनची पूजा कशी करायची? असू द्या चालू." की-बोर्डवर हळद-कुंकू पडलं, वर एक फूल बसलं. आणि एकदा पूजलं की दसऱ्याला फुलं उतरेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, हे तर तिलाही कळत होतं. माळेखाली तारे पळायला लागले. सगळ्यांनी हात जोडले, तिनंही जोडले, आणि त्या गडबडीत, प्रसादाचा द्रोण हातात, अबोलीचा हात दुसऱ्या हातात, ती साताऱ्याची एस.टी. पकडायला निघाली. कारण 'पुढच्या महिन्यात' असं ती म्हणाली होती आणि ते कुणीही विसरलं नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी ती आणि अण्णा अजिंक्यताऱ्यावर गेले होते. अण्णा आता सावकाश चढायचे आणि थांबण्यासाठी दर वळणावर एखादा डोंगर दाखवायचे. वरून गाव झकास दिसत होतं. तिला एकदम पुस्तिका आठवली. आज फुलं उतरणार. आज पंप द्यायचे. पुस्तिका त्या ताऱ्यांमागं आहे, आणि ती नुसती त्या मशीनच्या डोक्यात आहे, कागदावर नाही. मशीन बंद केलं तर गेली. उतार ती जवळजवळ पळतच उतरली, अण्णा मागून "बेबी, हळू" म्हणत राहिले. आळीच्या तोंडाशी साळूबाई, ज्यांच्या घरी फोन होता, पदर खोचून उभ्याच होत्या. "आगं, सांगलीस्नं फोनवर फोन! कुटं हुतीस?"

साळूबाईंचा फोन बैठकीत, आणि बैठकीत दसरा म्हणून सगळं घर जमलेलं. तिनं नंबर फिरवायला घेतला आणि तिला पुढचं सगळं दिसलं. तिकडं जयराज फोन कानाला लावून उभा, भोवती लालासाहेब, लेथवाले, पंप न्यायला आलेले पागोटेवाले. ही इकडून सांगणार, रेषेत खरखर असणार, तो ओरडणार, "काय? पुन्हा सांग! अश्लेषा? ही कोण?" आणि अख्खा कारखाना म्हणणार. लागला, नाही लागला, पुन्हा फिरवला. जाऊ दे, ती स्वतःला म्हणाली. तुझ्या एका शब्दासाठी त्याची दोन वर्षं बुडवतेस का? तू काय लहान आहेस? सांगून टाक. आणि तिला रडू फुटेलसं झालं, म्हणजे खरंच, साळूबाईंच्या बैठकीत, श्रीखंडाच्या वासात. फोन लागला. "अहो, ऐका, मी सांगते, लिहून घ्या," ती एका दमात म्हणाली. "अगं उघडलं की!" जयराजचा आवाज आनंदानं फाटला होता. "छापून झाल्या. चार पंप गेलेसुद्धा!" "उघडलं? कसं?" "आईनं सांगितलं."

तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. जयराज सांगत सुटला होता. आधी सगळ्यांनी मिळून सगळी नावं घालून पाहिली, लालासाहेबांनी तर कुलदैवतापासून सगळे देव संपवले. कुणी तरी म्हणालं वायर काढा, तर निमिषला फोन केला, तो ओरडला, खबरदार. शेवटी घरी फोन केला की प्रियाचा साताऱ्याचा आणखी कुठला नंबर आहे का. "तर आई म्हणाली, आदी खोलीतनं सगळ्यांना भाईर घाल. म्हटलं, का? म्हणाली, घाल. घातले. दार लावून घेतलं. मग म्हणाली हे घालून बघ." मग तो हळू आवाजात म्हणाला, "मी विसरलो होतो गं. तोंड दाखवायला जागा नाही मला." तिनं काहीतरी उत्तर दिलं, काय ते तिला नंतर आठवेना. अण्णांना तिनं सांगितलं तेव्हा ते ओसरीवर पाय चोळत बसले होते. ते सावरून बसले. मग म्हणाले, "फोनवर? मोठ्यानं?" आणि एखाद्या अवघड पोरानं बरोबर उत्तर द्यावं तसा त्यांचा चेहरा झाला.

ती आणखी दोन दिवस राहणार होती, पण दुसऱ्याच दिवशी निघाली. खिडकीशी अबोली झोपलेली. कऱ्हाड गेलं, मलकापूर गेलं, उसाचे तुरे लागले. तिला कळत नव्हतं आपल्याला बरं वाटतंय की वाईट. आपण करंगळीएवढा कोपरा शोधला, त्यात जाऊन बसलो, आणि तिथं आधीपासून आत्याबाई बसलेल्या. ज्या बाईनं ते नाव दारातून आत येऊ दिलं नाही, तिच्याच जवळ ते इतकी वर्षं होतं. कुठं ठेवलं असेल? ताक घुसळताना, लाडू वळताना, अबोलीच्या बारशाला, तिच्या तापात उशाशी बसून पट्ट्या बदलताना? 'प्रिया' अशी हाक मारताना दर वेळी आधी दुसरं काही ओठांवर येत असेल का? रवी थांबली होती हे तिला आता लख्ख आठवलं. आणि जिवावर उठणारं नाव ते. त्यांच्याच जिवावर. ते त्यांनी घरात एकटं असताना, सणाच्या दिवशी, फोनमध्ये ओरडून सांगितलं. सांगली यायच्या आधीच तिचं ठरलं होतं, घरात शिरताच विचारायचं. घरात शिरताच मात्र तिनं चप्पल काढली, पाय धुतले आणि म्हणाली, "अण्णांनी कंदी पेढे दिलेत."

आत्याबाई परसात निवडायला मेथी घेऊन बसल्या होत्या. जयराज कारखान्यात, अबोली शेजारी पेढे वाटायला गेलेली. ती समोर बसली आणि तिनंही एक जुडी ओढून घेतली. "आत्याबाई, तुम्हाला कसं कळलं?" आत्याबाईंनी पाल्यातली काडी काढून टाकली. "काय कळायचं त्यात? मी असते तर त्येच घातलं असतं." मग दुसरी काडी उचलत म्हणाल्या, "तुज्या ध्यानात हाय का न्हाई कुणास ठाव, नाव बदला म्हटलं तवा तू 'चालेल' म्हणालीस. हसत. मला त्या दिवशी रातच्याला झोप न्हाई आली. म्हटलं, पोरीचं आपुन काय काडून घेतलं ते तिला कळंना बी." प्रियदर्शनीनं विचारलं, "आणि काल? भीती नाही वाटली?" "वाटली की! फोन ठिवला आन् देवापुढं जाऊन बसले. वाट बघितली. काय बी झालं न्हाई. मग म्हटलं बसून काय करू, पुरणाला चटका देऊन घेतला." त्या हसल्या, पुढचे दोन दात नव्हते तिथून. "इतकी वर्सं उगंच भ्याले. हाय की जित्ती."

मग पानं निवडता निवडता त्यांनी सांगितलं, कुणी न विचारता. वडूजकडच्या त्या. माहेरी त्यांचं नाव हरणा. बाप म्हणायचा ही चालतच नाही, पळतेच. लग्न होऊन आल्या तर घरात थोरल्या जावेचंही नाव हरणाबाई. एका घरात दोन हरणा कशा? म्हणून अंबू. "थोरली होती ती, तिचं ऱ्हायलं. माझं गेलं. माहेरी हाक मारणारी समदी गेली. आता त्ये नाव एकट्या मलाच ठाव हाय." मेथीची जुडी संपली होती. आत्याबाईंनी इकडं तिकडं पाहिलं, परसात कुणी नव्हतं, तरी आवाज खाली आणला. "जयराजला तुजं कळलं आता. त्ये कुलूप काय कामाचं न्हाई. बदल."

"काय घालू?"

आत्याबाईंनी मांडीवरची पानं झटकली. "माजं घाल," त्या म्हणाल्या आणि नव्या नवरीसारख्या लाजल्या.

कारखान्यात मॉनिटरवरची माळ सुकून गेली होती, की-बोर्डच्या फटींत हळद बसली होती. ती तिनं कुणाला पुसू दिली नाही. तिनं खोलीचं दार लोटून घेतलं, चौकट उघडली आणि एकेक अक्षर दाबलं. फुल्या उमटल्या. चहाला गेली, आली, तारे पळत होते. त्यांनी विचारलं, तिनं सांगितलं. दार उघडलं. लालासाहेबांनी विचारलं, "वैनी, शब्द त्योच हाय का बदलला?" "बदलला." "आता कुणाला ठाव हाय?" "आहे एकीला," ती म्हणाली. ते बिचारे जयराजकडं बघून आले, पण जयराजही मान हलवत होता.

संध्याकाळी घरी आली तर आत्याबाई मागच्या दारात पाठमोऱ्या उभ्या, दोरीवरचे कपडे काढत होत्या. अंगणात ऊन उतरलं होतं. ती उंबऱ्याशी थांबली. असं करायचं नसतं, सासूला असं कुणी म्हणत नाही, हे तिला पुरतं ठाऊक होतं. तरी तिला हसू येत होतं. तिनं हळूच हाक मारली, "हरणा!"

"ओ!" आत्याबाई म्हणाल्या. चटकन, कोवळ्या आवाजात, वळायच्या आधीच. मग त्या वळल्या. त्यांच्या हातातला टॉवेल खाली पडला. आत्याबाईंनी डोळे पुसले आणि तिच्याकडं बोट रोखून म्हणाल्या, "अश्लेषे, मार खाशील हां," आणि दोघी अशा हसत सुटल्या की अबोली अभ्यास टाकून पळत आली. "काय झालं? आई, काय झालं? सांगा ना मला पण!"

"काय न्हाई," आत्याबाई टॉवेल झटकत म्हणाल्या. "जा, अभ्यास कर."